हेलिकॉप्टरवाल्या कुंदाताई

इंदूरच्या मल्हारगंजमधल्या आमच्या गल्लीत कुंदाताई जगदाळे यांच्याकडे पहिल्यांदा कोणी गेलं, तर त्या ‘या, बसा’ म्हणत नाहीत. दार अर्धं उघडतात, माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, “वजन किती?”

पाहुणा गडबडतो. काहीतरी पुटपुटतो. कुंदाताई मान हलवतात. “कमी सांगतोयस. अठ्ठ्याहत्तर आहे. जेवून आला असशील तर एकोणऐंशी.” मग दार पूर्ण उघडतं आणि चहा मिळतो. चहा चांगला असतो.

अंदाज सहसा चुकत नाही, हीच पंचाईत आहे. माझ्या बायकोचं, वैशालीचं, वजन मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. ते कुंदाताईंनी एका सकाळी जिन्यात, दूधवाल्यासमोर, खणखणीत आवाजात जाहीर केलं. दूधवाला भला माणूस, त्याने न ऐकल्यासारखं केलं. वैशाली मात्र आठवडाभर कुंदाताईंशी बोलली नाही. आठव्या दिवशी त्या स्वतःच साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अगं, वाईट काय त्यात? तुझ्याएवढी दोन माणसं आरामात बसतात आमच्यात.”

‘आमच्यात’ म्हणजे हेलिकॉप्टरमध्ये. तिथे चढणाऱ्या प्रत्येकाच्या वजनाचा हिशेब आधी ठेवावा लागतो.

कुंदाताई नर्स. एका सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात त्यांची अर्धी नोकरी गेली. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईवडील गेल्यावर आमच्या समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्याच राहतात. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. ते घोड्यावरून पडून वारले असं गल्लीतली जुनी माणसं सांगतात. कुंदाताईंच्या मते ते लढाईत वारले. आम्ही त्यांच्या मताला मान देतो.

तर एक दिवस दवाखान्याच्या फलकावर सूचना लागली. दूरच्या गावांतून, डोंगरातून, पुरातून अत्यवस्थ रुग्णांना उचलून आणण्यासाठी हेलिकॉप्टर सेवा सुरू होणार, त्यात अनुभवी नर्सेस हव्यात, निवड झाली तर प्रशिक्षण दिलं जाईल. वयाच्या अटीत कुंदाताई जेमतेम बसत होत्या. त्यांच्या वॉर्डातल्या मुली सूचना वाचून हसत पुढे गेल्या. कुंदाताईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि त्याच दिवशी अर्ज दिला.

संध्याकाळी मला गल्लीत थांबवून इंदुरी थाटात म्हणाल्या, “भिया, मी उडणार आहे.”

मी शाळेत गणित शिकवतो. शक्यता किती, हे माझ्या डोक्यात आपोआप चालू होतं. मी म्हटलं, “ताई, तुम्हाला तर रिक्षातसुद्धा मळमळतं. भोपाळच्या लग्नाला तुम्ही त्यामुळेच आला नव्हता.”

“रिक्षा वेगळी,” त्या म्हणाल्या. “रिक्षात मला काही काम नसतं.”

निवड झाली. प्रशिक्षण सुरू झालं. आणि त्याबरोबर आमच्या गल्लीचंही सुरू झालं.

पहिला धडा होता, हेलिकॉप्टरजवळ मागच्या बाजूने कधी जायचं नाही. शेपटीला फिरता पंखा असतो, फिरताना तो दिसत नाही आणि माणूस कापला जातो. हा धडा कुंदाताईंनी इतका मनावर घेतला की कोणत्याच वाहनाकडे त्या मागून जाईनात. स्कूटरला पुढून वळसा, रिक्षाला पुढून वळसा. आणि एवढ्यावर थांबल्या असत्या तर कुंदाताई कसल्या? दुसरं कोणी मागून जाताना दिसलं की गॅलरीतून आवाज यायचा, “शेपटीकडून नाही!”

सगळ्यात हाल झाले कचरागाडीचे. इंदूरमध्ये सकाळची कचरागाडी चुकवणं म्हणजे काय ते इंदूरकरालाच कळेल. गाडी गाणं वाजवत येते, बायका हातात डबे घेऊन धावतात, आणि गाडीची कचरा टाकायची जागा नेमकी मागच्या बाजूला. कुंदाताई डबा घेऊन गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या. ड्रायव्हरशी आधी नजरानजर करायची, त्याने अंगठा दाखवला की मगच बाजूने पुढे सरकायचं, असा हेलिकॉप्टरचा नियम. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कुंदाताई त्याच्याकडे बघून अंगठा दाखवतायत.

“दीदी, हटो ना सामने से,” तो शेवटी म्हणाला.

“तू पहले अंगूठा दिखा.”

त्याने अंगठा दाखवला. आता तो रोज दाखवतो. गल्लीतल्या सगळ्याच बायका त्याला अंगठा दाखवल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि तोही आता त्यात रमला आहे.

दुसरा धडा आवाजाचा. वर इतका गोंगाट असतो की स्टेथोस्कोप कानाला लावून काही उपयोग नाही. छाती वर-खाली होते का ते डोळ्यांनी बघायचं, नाडी बोटांनी शोधायची. कुंदाताई हे रेडिओ मोठ्याने लावून शिकल्या. शेजाऱ्यांपैकी ज्याला म्हणून हात होता, त्याची नाडी त्यांनी त्या काळात पाहिली. भाजी घेताना भाजीवाल्याची, पोहे खाताना पोहेवाल्याची. माझ्याशी बोलताबोलता माझं मनगट कधी त्यांच्या हातात जायचं ते मला कळायचं नाही. एकदा मी शाळेतल्या मुख्याध्यापकांबद्दल सांगत होतो, तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, “या माणसाचं नाव घेतलं की तुझी नाडी पळते. सोड तो विषय.”

तिसरा धडा समजावायला त्यांनी आम्हाला नमकीनचं बंद पाकीट दाखवलं. “जसं वर जाल, तशी बाहेरची हवा पातळ होते, आणि आतली फुगते. हे पाकीट डोंगरावर न्या, टम्म फुगेल. माणसाच्या पोटात, छातीत अडकलेली हवापण तशीच फुगते. म्हणून उचलायच्या आधी बघायचं, कुठे काही अडकलंय का.” वैशालीने विचारलं, “आणि खाली आल्यावर?” कुंदाताईंनी पाकीट फोडलं, शेव तिच्या हातावर ठेवली. “खाली आल्यावर नाश्ता.”

असं सगळं मजेत चाललं होतं. मग एका दुपारी त्या घरी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि चहा नको म्हणाल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

त्या दिवशी त्यांचं पहिलं उड्डाण होतं. स्ट्रेचरवर रबरी माणूस, त्याला श्वासाची नळी घातलेली, आणि कुंदाताईंनी ती सांभाळायची होती. हेलिकॉप्टर वर गेलं, एक वळण घेतलं आणि कुंदाताईंना ओकारी आली. दोन्ही हातांनी पिशवी धरली. तोवर रबरी माणसाची नळी निसटली. तो खरा असता तर गेला असता.

“बाकीच्या पोरी पंचवीस-पंचवीसच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “एकीने मला पाणी दिलं. ‘मॅम, आप ठीक हो ना?’ म्हणाली. मॅम म्हणाली रे ती मला.”

प्रशिक्षणाचे प्रमुख हवाई दलातून निवृत्त झालेले डॉक्टर होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. त्यांनी कुंदाताईंना बाजूला बोलावलं आणि हिंदीत शांतपणे सांगितलं होतं, उलटी होणं हा काही गुन्हा नाही, पण पेशंटला सोडून उलटी करता येणार नाही. शेवटच्या परीक्षेपर्यंत वेळ आहे. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर जमिनीवरही तुमच्यासारख्यांची गरज आहे.

“जमिनीवर,” कुंदाताई पुन्हा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझी ती ओम्नी अजून चालते?”

माझी जुनी ओम्नी व्हॅन चालते, पण कशी चालते हा प्रश्न आहे. तिची मागची एक स्प्रिंग कधीच गेलेली. मी तेच सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, “बस, तसलीच पाहिजे.”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मागच्या सीट काढलेल्या. सतरंजीवर वैशाली पेशंट म्हणून आडवी. वजनाचं प्रकरण मिटून आता ती या उद्योगात माझ्यापेक्षा जास्त शिरली होती. तिच्याशेजारी कुंदाताई गुडघ्यांवर, मागे तोंड करून. मला सूचना होती, खड्डा चुकवायचा नाही. इंदूरमध्ये आता चांगले रस्ते इतके झालेत की खड्डे शोधत हिंडावं लागलं. बायपासच्या पलीकडे एक कच्चा रस्ता सापडला. त्यावर मी वीस मिनिटं गाडी नागमोडी चालवली. मागून वैशालीचे अहवाल येत होते. “ताईंनी पट्टी छान बांधली. ताई पांढऱ्या पडल्यात. थांबव. अरे थांबव.”

कुंदाताई उतरल्या, पुढून वळसा घालून झुडपाकडे गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, “चल. परत.”

असे बरेच रविवार गेले. फरक पडला, पण थोडा. ओम्नी हलते, पण उचलली जात नाही, ही तिची मर्यादा होती. आणि तेवढ्यात इंदूरच्याच लालबाग महालाच्या मैदानावर मेळा लागला.

मेळ्यात आकाशपाळणा होता. कुंदाताई पिशवी घेऊन आल्या. पिशवीत दुधी भोपळा. दुधीवर त्यांनी बारीक रबरी नळी चिकटवली होती, तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं होतं, वरून पातळ कापड ताणून बसवलं होतं. सलाईनची सुई नळीत बरोबर शिरली तर लाल पाणी दिसणार. हे पाळणा फिरत असताना करायचं. सोबत मी, दुधी धरायला.

पाळणेवाल्याने तिकिटं फाडली आणि दुधीकडे बघितलं. “दीदी, लौकी को क्या हुआ?”

“एक्सीडेंट,” कुंदाताई म्हणाल्या.

त्याने पाळण्याची कडी काढून दिली. मेळ्यात काम करणाऱ्यांनी पुष्कळ काही पाहिलेलं असतं.

पहिल्या फेरीत सुई माझ्या अंगठ्यात गेली. दुसऱ्या फेरीत कुंदाताईंनी डोळे मिटले आणि उतरेपर्यंत उघडले नाहीत. उतरल्यावर बराच वेळ मातीत बसून राहिल्या. आजूबाजूने पोरं फुगे घेऊन पळत होती, कुठेतरी मक्याची कणसं भाजली जात होती, आणि तो वास त्या वेळी त्यांना नको होता. मी म्हटलं, “ताई, पुरे आता. सर म्हणाले तसं जमिनीवरपण काम आहेच की.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मनोज, अपघात विभागात मी काय करते माहितीय? वाट बघते. पेशंट येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मग आम्ही जे करायचं ते करतो. इतकी वर्षं दारात उभी राहून वाट बघितली. एकदा तरी मला समोरून जायचंय त्याच्याकडे.”

मग उठून म्हणाल्या, “दुधी धर नीट. हलवतोस तू.”

आम्ही रोज संध्याकाळी जायला लागलो. पाळणेवाला दुरून दिसताच ओरडायचा, “आ गई लौकी.” त्याने आमच्यासाठी एक पाळणा राखून ठेवला. कुंदाताईंनी मळमळ थांबवण्याचा नाद सोडला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्या आता वेगळंच काहीतरी शिकत होत्या. एक हात दुधीवर, दुसऱ्या हातात पिशवी. ओकारी आली तर येऊ दे, दुधीवरचा हात सुटला नाही पाहिजे. आणि एका संध्याकाळी, पाळणा वरून खाली झेपावत असताना, सुईच्या मागे लाल पाणी दिसलं. कुंदाताईंनी चिकटपट्टी दातांनी तोडली, सुई पक्की बसवली आणि मग शांतपणे पिशवीत तोंड घातलं. उजवा हात दुधीवर तसाच.

खाली पाळणेवाल्याने टाळ्या वाजवल्या. कशासाठी, हे न कळता रांगेतल्या लोकांनीही वाजवल्या.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी मी शाळेतून लवकर आलो. वैशाली गॅलरीत उभी होती. कुंदाताई गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्या, रिक्षाला पुढून वळसा घातला आणि चालत आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय झालं?” वैशालीने वरूनच विचारलं. “उलटी झाली?”

“झाली.”

वैशालीचा चेहरा पडला.

“पण डाव्या हाताने,” कुंदाताई म्हणाल्या. “उजवा हात नळीवरून हलला नाही. सर म्हणाले, इतक्या वर्षांत असं कोणी केलेलं पाहिलं नाही. पास केलं.”

दुसऱ्या दिवशी त्या खजराण्याच्या गणपतीला जाऊन आल्या आणि गल्लीत लाडू वाटले. कचरागाडीच्या ड्रायव्हरला दोन मिळाले.

मग नोकरी सुरू झाली. निळा जंपसूट, जाड तळाचे बूट, पाठीवर पट्टे. कुंदाताई एरवी साडीतल्या. त्या वेषात त्या पहिल्यांदा गल्लीतून निघाल्या तेव्हा लोक घराबाहेर येऊन बघत राहिले. सुरुवातीचे बरेच दिवस त्यांच्या वाट्याला उड्डाणंच आली नाहीत. कधी ढग, कधी यंत्राची दुरुस्ती, कधी रुग्ण आधीच रस्त्याने निघालेला. त्या तळावर जाऊन पट्ट्या मोजून परत यायच्या. मी चेष्टेने विचारायचो, “आज कुठे?” त्या म्हणायच्या, “आज मल्हारगंज ते मल्हारगंज.”

पावसाळ्यात ती वेळ आली. नर्मदेच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वस्तीवर सेवंती नावाची मुलगी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, पाण्याखाली गेल्यामुळे अँब्युलन्स पोचू शकत नव्हती. पाऊस थोडा वेळ उघडला तेवढ्यात हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं. पायलट, एक तरुण डॉक्टर आणि कुंदाताई.

पुढचं मला कुंदाताईंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सेवंतीला खाटेवरून आणलं होतं. ओठ पांढरे, हात गार. डॉक्टरांनी सलाईन आणि औषधं सुरू केली. कुंदाताईंनी तिच्या बेंबीखाली मूठ दाबून धरली, कारण गर्भाशय आवळलं तरच रक्त थांबणार होतं. बाळ, मुलगी, फडक्यात गुंडाळून सोबत घेतली. आणि तिथे एक माणूस उभा होता, चोविसेक वर्षांचा, अनवाणी, खांद्यावर गमछा. दिनेश, सेवंतीचा नवरा. तो मागोमाग चढायला लागला.

त्याला उतरावं लागलं. जागा नव्हती, आणि वजनाची मर्यादा संपली होती. पायलट आणखी एकाला घ्यायला तयार नव्हता. कुंदाताई त्याच्याशी बोलल्या, पण किती बोलणार? बायको चालली, लेक चालली, तो खाली उभा. आयुष्यात त्याने इंदूर पाहिलेलं नव्हतं. हे लोक त्यांना वाचवायला नेतायत, एवढं त्याला कळलं की नाही, कुंदाताईंना खात्री नव्हती. दार बंद झालं. धूळ आणि पाणी उडालं, आणि तो लहान होत गेला.

वाटेत कुंदाताईंना ओकारी आली का, मी विचारलं. “आली असेल,” म्हणाल्या. “आठवत नाही.” मूठ इंदूरपर्यंत हलली नव्हती. दवाखान्यात सेवंतीला आत नेल्यावर त्यांची बोटं उघडेनात, एका वॉर्डबॉयने ती एकेक करून सोडवली. सेवंतीला रक्त दिलं, ऑपरेशन झालं. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाचेल. मुलगीही बरी होती.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त कुंदाताईंचा फोन आला. “ओम्नी घेऊन ये. बसस्टँडवर जायचंय.”

मी गेलो. त्या जंपसूटमध्येच होत्या, गुडघ्यांवर रक्ताचे डाग वाळलेले. मला वाटलं, पहिली मोहीम, मिरवायचंय थोडं. मिरवू दे, म्हटलं. पण बसस्टँडवर त्या एका खांबाजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघायला लागल्या.

“कोण येणार आहे?”

“सेवंतीचा नवरा.”

“कधी?”

“माहीत नाही. रपट्यावरचं पाणी उतरलं तर येईल. त्याला सांगितलंय मी, इंदूरला बसमधून उतर, मी असेन.”

“फोन लावा ना त्याला.”

“लावला. वस्तीत टॉवर नाही.”

आम्ही अंधार पडेपर्यंत उभे होतो. बसेस आल्या, माणसं उतरली, पांगली. चहावाल्याने दोनदा विचारलं, कोणती गाडी पाहिजे. मी म्हटलं, “ताई, घरी जाऊन कपडे बदला, काही खा. दवाखान्यात निरोप ठेवला आहे ना? तो येईल विचारत-विचारत.”

“कोणाला विचारणार? दवाखान्याचं नाव त्याला वाचता येत नाही. चेहरा त्याने एकाच बाईचा पाहिलाय, तो पण घाईत. उद्या साडी नेसून उभी राहिले तर ओळखेल का मला?” मग आपल्या निळ्या बाहीकडे बघत म्हणाल्या, “हा रंग त्याच्या लक्षात असेल.”

तेव्हा मला कळलं की त्या मिरवत नव्हत्या.

त्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी कुंदाताईंना सुट्टी होती. सकाळी जंपसूट धुऊन, अर्धा ओला असतानाच अंगात घालून त्या पुन्हा बसस्टँडवर. मी शाळा सुटल्यावर गेलो, तेव्हा वैशाली डबा घेऊन आधीच पोचली होती. दुपार उतरल्यावर एक चिखलाने माखलेली बस आली. सगळे उतरले. शेवटी एक पोरगा उतरला, हातात बोचकं, पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले. उतरून तिथेच उभा राहिला. सगळीकडून माणसं धडकत होती, तो हलेना. मग त्याला निळा रंग दिसला.

तो धावत आला नाही. सावकाश आला, आणि कुंदाताईंसमोर उभा राहिला. विचारायचं होतं, पण विचारलं तर उत्तर मिळेल याची भीती वाटत असावी.

“दोनों ठीक हैं,” कुंदाताई म्हणाल्या. “तेरी बच्ची बहुत रोती है.”

तो खाली बसला. बसस्टँडच्या फरशीवर, माणसांच्या पायांत. कुंदाताईही त्याच्याशेजारी बसल्या, जंपसूटसकट. नंतर त्याने बोचकं उघडलं. त्यात सेवंतीची साडी होती, आणि एक लहान, नवं, लाल झबलं.

दवाखान्यात त्याला वॉर्डाच्या दारापर्यंत सोडून कुंदाताई बाहेरच थांबल्या. मी म्हटलं, “आत चला ना. तिला भेटा.”

“नको. आता त्यांचं त्यांना बोलू दे.” आणि थोड्या वेळाने, “तो बाहेर आला की घरी नेऊ त्याला. सेवंती इथे पंधरा दिवस तरी राहील. हा कुठे राहणार, पायऱ्यांवर?”

दिनेश कुंदाताईंच्या पुढच्या खोलीत राहिला. दिवसभर दवाखान्यात, संध्याकाळी परत. येताना कधी भाजी घेऊन यायचा. सुरुवातीला तो जिन्यातच जेवायला बसायचा. कुंदाताईंनी त्याचं ताट उचलून आत नेलं, त्यानंतर आत बसायला लागला. सेवंती बरी झाली तेव्हा तिघं मिळून गावाला गेली. गल्लीच्या तोंडापर्यंत कुंदाताई मुलगी कडेवर घेऊन गेल्या आणि परत येताना हात कुठे ठेवावे हे न सुचल्यासारख्या चालत होत्या.

पण खोली फार दिवस रिकामी राहिली नाही. पुढच्या मोहिमेत एका शाळकरी मुलाला आणलं, त्याची आई मागून बसने आली. मग एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा भाऊ मागून आला. ज्या नातेवाइकांना सोबत वर नेता येत नाही, त्यांना कुंदाताई निघतानाच सांगतात, इंदूरला उतरा, मी असेन. त्या हवेत असतील तर वैशाली बसस्टँडवर जाते. तिने निळा दुपट्टा घेतला आहे.

परवा दिवाळीच्या पहिल्या दिवशी मी फराळाचं ताट घेऊन वर गेलो. कुंदाताई फोनवर होत्या. पुण्याला त्यांचा एक धाकटा भाऊ असतो, त्याचा फोन होता. खोलीत एक बाई पोळ्या लाटत होती, तिच्या नवऱ्याला अपघातातून वाचल्यावर आठ दिवसांपूर्वी वॉर्डात हलवलं होतं. तिची सासू खिडकीपाशी बसून पणत्यांत वाती घालत होती. कोणाची तरी चादर दोरीवर वाळत होती.

भाऊ काहीतरी विचारत असावा. कुंदाताईंनी फोन कानाशी दाबला, कारण सासूबाई मोठ्याने तेल मागत होत्या.

“नाही रे, यंदा पुण्याला जमणार नाही,” त्या म्हणाल्या. “घरी माणसं आहेत.”